हाताचा सातबारा

बांध कोरणं हा आपल्याकडचा हंगामी उद्योग नव्हे, बारमाही आहे. यंदा नांगराचं एक तास, पुढल्या साली आणखी एक. कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि भरलंच तर ‘पावसानं ढासळला’ म्हणायला पाऊस असतोच.

सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात दोन भाऊ होते. थोरले अण्णा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. उभी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. हद्दीचे दगड दाखवायचे, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि ज्याच्या विरुद्ध दगड जाईल त्याच्या शिव्या खायच्या. धाकटे बापू गावातच राहिले, शेतात राबले. वाटणी वडिलांच्या हयातीतच झालेली. एका गटाचे दोन सारखे तुकडे, मध्ये बांध, बांधावर एक रायवळ आंबा. बदल्यांच्या नोकरीत अण्णांचा तुकडा पडच राहिला. बापूंचा पिकत राहिला. अण्णा निवृत्त होऊन गावी आले, त्याच संध्याकाळी शेतावर गेले आणि बांधाच्या टोकाला उभं राहून म्हणाले, “हा सरकलाय.”

“पावसानं ढासळला आसंल,” बापू म्हणाले.

झालं. घर मधल्या भिंतीनं आधीच वाटलेलं होतं, आता बोलणंही वाटलं गेलं. जावाजावा सणावाराला झाकलेली ताटं इकडून तिकडे देत, भाऊ मात्र एकाच अंगणात एकमेकांकडे पाठ करून दात घासत. अण्णांनी जुन्या टिपणाची नक्कल काढून आणली. रोज संध्याकाळी ते बांधावरून पावलं टाकत जायचे, परत यायचे, आणि वहीत काहीतरी लिहायचे. शेताच्या बाकीच्या भागात त्यांचं पाऊल कधी पडलं नाही.

मग एका पावसाळ्यात बापूंचा डावा हात कडबा कुट्टीत गेला. कोपराखालून कापावा लागला. अण्णांनी दवाखान्यात रात्री काढल्या, बिल भरलं, रक्त दिलं आणि भावाशी अवाक्षर बोलले नाहीत. आपल्याकडे हे जमतं.

हात गेला तरी बापूंना तो जाणवत राहिला. मनगट, तळवा, पाची बोटं, सगळं जागच्या जागी. आणि मूठ आवळलेली. यंत्राच्या तोंडात पेंढी सारताना होती तशीच, नखं तळव्यात रुतलेली. उघडावी म्हटलं तरी उघडेना. रात्री अशी कळ यायची की ते अंथरुणात उठून बसत आणि बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणत, “जरा बोटं उलगड गं.” काकू रिकाम्या बाहीकडे बघून रडायच्या. देवरुषी आला, म्हणाला तोडलेला हात मूठ वळलेला पुरला असणार, उकरून बोटं सरळ करा. पण हात गावात आलाच नव्हता.

त्याहून चमत्कारिक प्रकार सलूनमध्ये घडला. न्हाव्यानं डाव्या गालावर वस्तरा टेकवला आणि बापू खुर्चीतून ताडकन उठले. “आरं, अंगठा कापशील माझा!”

“कंचा अंगठा?” न्हावी म्हणाला.

त्यानंतर बापूंनी डावा गाल करायचंच सोडलं. अर्ध्या दाढीनं फिरायला लागले. गाव आधी हसलं, मग गावानं आवाज खाली आणला.

अण्णांची लेक, ताई, पुण्यात फिजिओथेरपिस्ट होती. दिवाळीला आली तेव्हा काकूंनी तिला मधल्या दारातून अलीकडे ओढलं आणि सगळं सांगितलं. ताईचा चेहरा उजळला. आजारी माणसाच्या घरात असा चेहरा करू नये, पण ज्यांनी एखादी गोष्ट फक्त पुस्तकात वाचलेली असते त्यांचं ती समोर आल्यावर असं होतं.

पडवीत बापूंना खुर्चीवर बसवलं. “काका, डोळे मिटा. कुठं हात लागतोय तेवढं सांगा.” तिनं कान कोरायची कापसाची काडी घेतली आणि डाव्या गालावर टेकवली.

“गालाला लागलं. आन्... अंगठ्याला.”

वरच्या ओठाच्या बाजूला.

“ह्ये तर्जनी.”

जबड्याच्या कडेला, हनुवटीच्या अलीकडे.

“करंगळी,” बापू म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला. “आगं, करंगळी हाय ती!”

ताईनं प्रत्येक जागेवर स्केचपेननं खूण केली. काडीच्या टोकानं रेघ ओढली की बापू ‘हितवर अंगठा, हितनं पुढं न्हाय’ असं सांगत. गालावर हद्दी उमटायला लागल्या. दंडावर, कापल्या जागेच्या वर, आणखी एक तसाच पंजा सापडला. थोड्या वेळानं ताईला आपल्या खांद्यामागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. मधलं दार ओलांडून अण्णा आले होते. जिथे नकाशा निघत असेल तिथून लांब राहणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

“स्केल काय धरलंस?” त्यांनी विचारलं.

ताईनं भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली आणि गेल्या महिन्याच्या पानामागे चित्र काढलं. मोठ्या मेंदूच्या वरच्या पापुद्र्याला कॉर्टेक्स म्हणतात, जाडी दोन-तीन मिलिमीटर. डोक्याच्या मध्यापासून कानाच्या दिशेनं एक खोल खाच खाली उतरते. तिच्या लगत मागच्या अंगाला जी वळी आहे, तिथं सगळ्या अंगाचा स्पर्श जमा होतो. डाव्या बाजूचा उजव्या मेंदूत, उजव्या बाजूचा डाव्या. बोटाकडून निघालेली खबर पाठीच्या कण्यातून वर चढते, मेंदूच्या देठाशी बाजू बदलते, थॅलॅमसमध्ये थांबा घेते आणि मग या पट्टीत येते. आणि येते ती कुठेही नाही. प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली.

“क्रमानं सांग,” अण्णा म्हणाले.

“अगदी वर, दोन अर्ध्या मेंदूंच्या फटीत, पाऊल. मग पोटरी, मांडी, धड, खांदा, दंड, मनगट, पंजा. पंज्यात आधी करंगळी, शेवटी अंगठा. अंगठ्याच्या खाली लगेच चेहरा, मग ओठ, मग जीभ.”

अण्णांनी चष्मा वर केला. “म्हणजे पंज्याच्या चतुःसीमा पाहिल्या तर एका अंगाला दंड आणि दुसऱ्या अंगाला चेहरा.” ते बापूंच्या गालाकडे बघत राहिले, मग दंडाकडे. शरीरावर गाल आणि अंगठा यांच्यात केवढं अंतर! त्या पट्टीत मात्र ते बांधाला बांध लागून. “क्षेत्र कुणाला किती?”

“इथंच गंमत आहे. ओठांना आणि बोटांना सगळ्यात जास्त. एवढ्या मोठ्या पाठीला जेमतेम.”

“असं कसं? आकारमानाप्रमाणे नको?”

“आकाराला तिथं किंमत नाही, अण्णा. किती बारकाईनं कळायला हवं त्यावर जमीन मिळते.”

अण्णांना हे पटण्यासारखं नव्हतं. ते आत गेले आणि आपला पितळी डिव्हायडर घेऊन आले. ज्यानं नकाशावरची अंतरं मापली तोच. जर्मनीत अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली कंपासच्या दोन टोकांनी हेच करून पाहिलं होतं, पण अण्णांना ते ठाऊक असायचं कारण नाही. ताईनं कसं धरायचं ते दाखवलं. बापूंच्या उरलेल्या उजव्या हाताच्या तर्जनीवर दोन टोकं तीन मिलिमीटरवर ठेवली. “दोन,” बापू म्हणाले. मग सदरा वर करून पाठीवर. एक सेंटिमीटर. “येक.” दोन. “येक.” तीन. “येकच हाय.” चार सेंटिमीटरच्या आसपास बापू घुटमळले. “दोन असतील. न्हाय, थांबा, पुन्यांदा टोचा.”

कित्येक महिन्यांत बापू पहिल्यांदाच थोरल्या भावाला उद्देशून काही बोलले होते, आणि तेही पाठीनं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

“आता हे सांग,” अण्णा म्हणाले, “मोजणी कुणी केली?”

मला हा प्रश्न फार आवडतो. नकाशा समोर आला की आपण सगळे त्यात आपलं घर शोधतो. मोजणीदार विचारतो, मोजला कुणी आणि कशानं.

कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. फेफऱ्याच्या रुग्णाच्या मेंदूतला बिघडलेला भाग काढायचा आणि चांगल्याला धक्का लावायचा नाही, म्हणून ते आधी मोजणी करत. मेंदूला स्वतःला दुखत नाही. डोक्याची कातडी बधिर केली की रुग्णाला जागं ठेवून काम करता येतं. पेनफिल्ड एका जागी विजेचा अगदी सौम्य प्रवाह देत आणि विचारत, काय वाटलं? रुग्ण सांगे, अंगठ्याला मुंग्या आल्या. त्या जागेवर आकडा लिहिलेली कागदाची बारकी चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या जागेकडे वळायचं. अशा कितीतरी रुग्णांच्या नोंदी एकत्र करून १९३७ साली पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी प्रसिद्ध केल्या. श्रीमती कँटली या चित्रकर्तीनं त्यावरून एक बाहुलं काढलं. प्रचंड पंजे, फुगलेले ओठ, बाहेर आलेली जीभ आणि काटकुळं धड. पेनफिल्डांच्याच १९५० सालच्या पुस्तकातलं बाहुलं आज जगभरच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं.

“चिठ्ठी म्हणजे हद्दीचा दगड,” अण्णा म्हणाले. “आणि पंच?”

“रुग्ण स्वतः.”

“बरोबर केलंन.” अण्णांच्या तोंडून हे प्रमाणपत्र खात्यातल्या वरिष्ठांनाही सहसा मिळालं नव्हतं.

ताईनं मग भर घातली की पेनफिल्डांच्या एका पट्टीच्या जागी पुढे चार निघाल्या. एकीशेजारी एक, आणि प्रत्येकीत सगळ्या अंगाचा वेगळा नकाशा. एकीत मुख्यतः स्नायूंच्या ताणाची खबर, दोघींत कातडीची, चौथीत दोन्ही मिळून, म्हणजे मुठीत धरलेला लिंबू आहे की सुपारी ते कळावं. माकडांच्या मेंदूत जॉन कास आणि मायकेल मर्झेनिक यांनी १९७०च्या दशकात हे नीट वेगळं करून दाखवलं. त्याआधी १९५७ साली बाल्टिमोरच्या व्हर्नन माउंटकासल यांनी मांजराच्या मेंदूत बारीक सुई सरळ खाली उतरवली. वाटेतल्या सगळ्या पेशी एकाच जागेच्या, एकाच जातीच्या स्पर्शाला दाद देत होत्या. सुई किंचित बाजूला नेली की जात बदलायची. म्हणजे जमिनीला खोलीही होती आणि खाली पार तळापर्यंत मालक एकच. (१९५७ म्हटल्यावर अण्णा पुटपुटले, “एक एप्रिल.” कूळ कायद्यातला कृषक दिन तोच. कसेल त्याची जमीन. खात्यातल्या माणसाला साल कशावरून आठवेल सांगता येत नाही.)

इथवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग काकूंनी विचारलं, “पर हातावरचं गालाला का कळतंय?” आणि ताई अडचणीत आली.

तिनं सांगितलं ते असं. अमेरिकेत काही माकडांच्या हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कण्याजवळ तोडलेल्या होत्या. मेंदूतल्या हाताच्या जमिनीला कुठूनच खबर येत नव्हती. १९९१ साली टिमोथी पॉन्स आणि सहकाऱ्यांनी त्या जागेवर तार टेकवून पाहिलं, तर ती अख्खी जमीन चेहऱ्याला दाद देत होती. एक सेंटिमीटरहून जास्त सरकलेली हद्द. तमिळनाडूचे, मद्रासला डॉक्टरकी शिकलेले विलायनूर रामचंद्रन तेव्हा कॅलिफोर्नियात होते. हे वाचून त्यांनी हात गमावलेल्या माणसांच्या गालांना कापसाची काडी लावून पाहिली, आणि त्यांना आज पडवीत दिसलं तेच दिसलं.

“नसा तोडून किती दिस झालं हुतं?” बापूंनी विचारलं.

“बारा वर्षं.”

बापू खुर्चीत सरळ बसले. “किती?”

“बारा.”

“ताई, तुझ्या बापाला सांग. बारा वर्सं पड ठिवलं की शेजारी कसतोय, आन् जो कसतोय त्याचं. मी न्हाय म्हनत, मेंदू म्हनतोय.”

अण्णांचा चेहरा लाल झाला. “त्याला उघड कब्जा लागतो. चोरून कोरलेल्या बांधाला कब्जा म्हणत नाहीत.” मग त्यांना काहीतरी सुचलं, आणि मोजणीच्या जागेवर वकिलाला गप्प करताना यायचा तसा धीमा सूर आला. “ताई, मघाशी गालाला काडी लावलीस तेव्हा हा काय म्हणाला? गाल म्हणाला?”

“गालही म्हणाले आणि अंगठाही.”

“अंगठा म्हणाला. कसतंय कुणी का असेना, सातबाऱ्यावर नाव हाताचं आहे. फेरफार झालेला नाही.”

खरं सांगायचं तर अण्णांनी हे भांडणाच्या भरात म्हटलं, पण शास्त्रज्ञही याच प्रश्नाशी येऊन अडकले आहेत. हाताची जमीन गालानं बळकावली, असं पुस्तकं तीस वर्षं सांगत होती. पुढे टॅमार मेकिन यांच्या गटाला आढळलं की हात जाऊन वर्षानुवर्षं लोटलेला माणूस नसलेली बोटं हलवायला बघतो, तेव्हा मेंदूतली हाताची जागा जिवंत होते. २०२५ साली याच गटाच्या संशोधनात तीन माणसांच्या मेंदूचे नकाशे हात कापण्याआधी आणि नंतर घेतलेले प्रसिद्ध झाले. बोटांचा नकाशा जवळजवळ जसाच्या तसा होता आणि ओठांची जागा हातात घुसलेली नव्हती. कदाचित शेजाऱ्याची कुजबूज त्या शेतात आधीपासूनच ऐकू येत असेल, मालकाचा आवाज थांबल्यावर ती कळायला लागली असेल. कदाचित गडबड वर शेतात नसेल, खाली थॅलॅमसमध्ये किंवा मेंदूच्या देठात, वाटेतच असेल. वाद मिटलेला नाही.

“बघ!” अण्णा म्हणाले.

“काय बघ? माकडाचं खोटं हाय व्हय?” बापू म्हणाले.

ताईनं कागदाची गुंडाळी केली. “तुम्हा दोघांना माझ्या काकांच्या हाताचं काही पडलेलं नाही,” ती म्हणाली. त्यातले एक काका स्वतःच होते, पण दोघेही गप्प बसले.

मुठीचा इलाज मात्र राहिला होता. रामचंद्रन यांनीच सुचवलेला, आरशाचा. मध्ये आरसा उभा करायचा, कापलेला हात त्याच्या मागे लपवायचा, धडधाकट हात पुढे धरायचा आणि आरशात बघायचं. प्रतिबिंब नेमकं गेलेल्या हाताच्या जागी दिसतं. मग धडधाकट मूठ उघडायची, आणि डोळे सांगतात की गेलेली मूठही उघडली. सगळ्यांना गुण येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांना का येतो यावरही मतं वेगळी आहेत. पण खर्च आरशाचा.

आरसा कपाटाचा निघाला. तो उभा राहायला बैठक हवी होती. अण्णांनी माळ्यावरून आपलं प्लेन टेबल काढलं, सागवानी फळीचं, कडा झिजलेलं. त्याला खाच पाडून आरसा बसवला. गुण्यात धरून पाहिला, कागदाची घडी घालून एक बाजू सावरली. रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा पंधरा मिनिटं व्यायाम. समोर कुणीतरी बसून आकडे मोजायला हवे होते. काकूंना धारा काढायच्या असत, पोरं नोकरीला मुंबईत. अण्णा बसले.

पहिल्याच आठवड्यात बापू एकदा जोरात ओरडले आणि काकू चुलीपासून धावत आल्या. “उघडली,” बापू म्हणत होते, “उघडली बघ, बोटं सुटली.” नंतर ती पुन्हा मिटली. काही दिवस उघडायची, काही दिवस नाही. अण्णा आकडे मोजत राहिले, आणि आकड्यांच्या मधल्या फटींत भांडण सुरू झालं, कारण माणसं समोरासमोर बसली की बोलणार. बांधाचंच भांडण, पण निदान तोंडानं.

ताई दर पंधरवड्याला फेरी मारी. एकदा बापूंनी विचारलं, “आता उजव्या हाताला जादा जमीन मिळंल का? समदं काम त्योच करतोय.”

मिळते, ताई म्हणाली. मर्झेनिक यांच्याच प्रयोगशाळेत माकडांना फिरत्या चकतीवर बोटांची टोकं टेकवून खाणं मिळवायला शिकवलं होतं. काही महिन्यांत त्या टोकांची मेंदूतली जागा वाढलेली दिसली. ब्रेल वाचणाऱ्या अंध माणसांत वाचायच्या तर्जनीची जागा मोठी निघाली, हे १९९३ सालचं काम. “जे रोज घासलं जातं त्याचं क्षेत्र वाढतं. नुसतं घासून नाही बरं का, लक्ष देऊन.”

“आणि बांध?” अण्णांनी विचारलं. “बोटाबोटांमधला?”

“तोही वापरानंच पडतो. माकडाची दोन बोटं शिवून एक केली, तर काही महिन्यांनी दोघांमधली हद्द पुसली गेली. काही माणसांची बोटं जन्मतः जुळलेली असतात. ती शस्त्रक्रियेनं सुटी केली की आठवड्यांत हद्द पडते. बोटं वेगवेगळी चालली की वेगळी, बरोबर चालली की एक.”

अण्णा यावर काहीच बोलले नाहीत. त्यांनी तातडीच्या मोजणीची फी भरून अर्ज केला होता आणि तारीख लागली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी ताई गावात होती. व्यायाम झाल्यावर तिनं दोघांपुढे एकेक कोरा कागद ठेवला. “आपलं शेत काढा. दोन्ही तुकडे. टिपण बघायचं नाही, माप लावायचं नाही. डोळे मिटल्यावर दिसतं तसं.”

बापूंना चित्र काढता येत नाही. त्यांचं शेत बटाट्यासारखं निघालं. पण त्यात विहीर होती, मोटरची खोपी, चारी, चारी फुटते ती जागा, खडकावर नांगर उडतो तो पट्टा, पावसात पाणी तुंबतं तो कोपरा, साप निघतो ते बांबूचं बेट. अण्णांच्या पड तुकड्यातली बाभळही होती, गुरं तिच्या सावलीला बसतात म्हणून. बांध म्हणजे एक रेघ, आंब्यापाशी जरा वाकडी.

अण्णांचा हात बसलेला. कडा सरळ, कोन चोख, उत्तर दिशेचा बाण. आंबा पानापानांनिशी काढलेला. बांधाला मात्र दोन रेघा होत्या, एक ‘मूळ’ आणि एक ‘हल्ली’. दोन्ही रेघांमध्ये अण्णांनी बारीक आडव्या रेघांनी अतिक्रमण भरलं होतं. ती पट्टी त्यांच्या तळहाताएवढी रुंद झाली होती. कागदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिनं व्यापला होता. त्यामुळे बापूंचा तुकडा कडेला चेपला गेला होता आणि खुद्द अण्णांच्या तुकड्यात कागद कोरा होता. त्यांना तिथं काढायला काही सापडलं नव्हतं.

स्पर्शाच्या पट्टीत तक्रारींसाठी जमीन राखलेली नसते. ताईला हे ठाऊक होतं, म्हणून ती काहीच बोलली नाही. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ती चहा टाकायला गेली. अण्णा कितीतरी वेळ बसून होते. उठताना त्यांनी आपला कागद उचलला, घडी घातली आणि परत उलगडून होता तिथं ठेवला.

दुसऱ्या दिवशी खात्याचा पोरसवदा मोजणीदार आला. साखळी नाही, फलक नाही. हातात काठीवर रोव्हर आणि गळ्यात टॅबलेट. अण्णांनी माळ्यावरची तेहेतीस फुटी साखळी उगाचच बरोबर घेतली होती, ती पिशवीतच राहिली. तासाभरात काम उरकलं. नदीकडच्या टोकाला बांध जागच्या जागी होता. आंब्यापासून वर तो खरोखर सरकलेला होता, सगळ्यात रुंद जागी दीड हात. पट्टीचं एकूण क्षेत्र गुंठाभर. गटातल्या बाकीच्या क्षेत्रापुढे ते पंचांना पुन्हा विचारून घ्यावं लागलं.

“वळताना आऊत जरा हिकडं यायचं,” बापू म्हणाले. पाऊस त्यांनी या खेपेला काढला नाही.

खुणा लागल्या. जबाब झाले, सह्या झाल्या. अण्णांनी दगड नीट उभा आहे का ते वाकून पाहिलं, कारण तो वाकडा उभा राहिलेला त्यांना सोसला नसता. मग ते आपल्या तुकड्यात शिरले. बाभळीपर्यंत गेले. तिथून हाक मारली, “बापू, हिच्या मुळाशी माती बरी दिसतेय. इथं काय होईल?”

“घेवडा,” बापूंनी बांधावरूनच सांगितलं. “पर आधी हराळी काढाय पायजे. त्याला दोन हात लागत्यात.”

“हात आहेत,” अण्णा म्हणाले.

हराळी काढण्यात अण्णांची पाठ धरली ती सुटायला बरेच दिवस लागले. घेवडा झाला. वाटा ठरला होता निम्मा. गुंठ्याच्या पट्टीचा हिशेब वेगळा, त्याचे वर्षाला पायलीभर दाणे बापूंनी द्यायचे. बापूंच्या डाव्या गालावर वस्तरा फिरला की अजून अंगठ्याला गुदगुल्या होतात. मूठ निम्म्या रात्री उघडी असते, निम्म्या रात्री मिटलेली. आरशाची फळी पडवीतच आहे.

पायली भरताना मात्र गडबड झाली. बापूंनी माप काठोकाठ भरलं आणि वरून हात फिरवून सपाट केलं. अण्णांचं म्हणणं, वडील असताना खंडाची पायली शिगेचीच असायची. बापूंचं म्हणणं, शीग लावायची ती देवाला आणि बलुत्याला, भावाला नाही. यंदाच्या सुगीपर्यंत तरी यावर निकाल लागलेला नाही, आणि काकूंनी ते माप उचलून आपल्या कणगीवर ठेवलं आहे.